हात टेबलावर ठेवा

चाचणीवाल्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना साधं ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही. का म्हणावं? खोकी बनवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी, त्यातली अठरा सॅम्पल रूमचा प्रमुख म्हणून. आणि आता नव्या मॅनेजरसाहेबांच्या डोक्यात आलं की माणसं निवडायची माझी परीक्षा बाहेरच्या कुणाकडून तरी तपासून घ्यावी. का, तर म्हणे सॅम्पल रूममध्ये इतक्या वर्षांत बायका फक्त दोन. अहो, दोन तर दोन! ज्यांना जमलं त्या आल्या, ज्यांना नाही जमलं त्या नाही आल्या. मी काय दारात काठी घेऊन उभा होतो का?

बाई शांत होत्या. स्वतःच एक स्टूल ओढून बसल्या आणि वही उघडली.

सॅम्पल रूम म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाईक एखादी वस्तू आणून आमच्या टेबलावर ठेवतं. बाटली, इस्त्री, एकदा तर एकाने काचेचं बदक आणून ठेवलं होतं. त्या वस्तूसाठी सपाट पुठ्ठ्यावर असा नकाशा आखायचा, की कापून, रेघांवर दुमडला की डबा बरोब्बर उभा राहावा, झाकण झाकणाच्या जागी आणि छापलेलं नाव सरळ. सपाट पुठ्ठा बघताना ज्याला उभा डबा दिसतो, तो आमचा माणूस. ज्याला दिसत नाही, त्याला मारून मुटकून शिकवता येत नाही, असं माझं ठाम मत होतं. म्हणून परीक्षा. चोवीस आकृत्या. प्रत्येकीत डावीकडे सपाट नकाशा, उजवीकडे चार डबे, त्यातला कुठला तयार होईल त्यावर खूण करायची. वेळ पाच मिनिटं. चौदा बरोबर आल्या की सॅम्पल रूम. नाहीतर आहेच पेस्टिंग खातं, दिवसभर उभं राहून डबे चिकटवत बसा.

“परीक्षेच्या आधी तुम्ही काय सांगता?” बाईंनी विचारलं. “जसंच्या तसं सांगा. मी परीक्षेला बसलेय असं समजा.”

मला काय, पाठच होतं. उठलो, हात मागे बांधले आणि सुरू झालो. “हे डोक्याचं काम आहे, हातांचं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवा. पेन्सिलीचा हात फक्त खूण करायला हलेल, दुसरा अजिबात हलणार नाही. मी घंटा वाजवली की सुरू, घंटा वाजवली की बंद. मधून मधून किती वेळ उरला ते सांगेन. आणि मुलींनो, हे जरा तुम्हाला जड जातं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घाबरू नका, जमेल तेवढं करा.”

बाईंनी सगळं लिहून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही, एकदम ताकास तूर लागू न देणाऱ्या.

“हात का हलवायचे नाहीत?”

मी सांगितलं. एका वर्षी एक पठ्ठ्या टेबलाखाली बसचं तिकीट दुमडून दुमडून उत्तरं काढताना सापडला होता. तेव्हापासून माझा हा नियम.

त्यांनी परीक्षेचा कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरात छापलेल्या सूचना होत्या, ज्या मी कित्येक वर्षांत वाचल्या नव्हत्या. “इथे लिहिलंय, कागद दुमडू नये. हात हलवू नयेत असं कुठेय?”

कुठेच नव्हतं. मी म्हटलं, एकच ते.

“बरं,” असं म्हणून त्यांनी एक नवीनच आकृती माझ्यापुढे सरकवली. “यातून कुठला डबा होईल?”

अवघड होती, तिरकी झडप वगैरे. मी बघू लागलो. आणि मागच्या टेबलावरून खुदकन हसू आलं. वळून बघतो तर माझा पुठ्ठे कापणारा कटर, वीस वर्षांपासूनचा माझा सोबती, तोंडावर हात धरून हसत होता. “साहेब, हात!” तो म्हणाला. खाली पाहिलं. माझी दहाही बोटं हवेत डबा दुमडत होती.

आमच्या खोलीत सगळेच असं करतात. नवीन माणूस आला की त्याला वाटतं इथे सगळे वेडे आहेत, हवेत काहीतरी चाचपडत बसलेत. पुठ्ठ्यावर काम करणाऱ्याचं डोकं बोटांत असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण परीक्षा म्हटली की परीक्षेसारखी व्हावी, असं माझ्या टाळक्यात बसलेलं. ज्या बोटांवर मी जन्मभर कमावलं, तीच मी उमेदवारांना टेबलावर चिकटवून ठेवायला लावत होतो. मी हात खाली घेतले.

“आणि ते मुलींचं वाक्य?” बाईंनी विचारलं. “ते पहिल्यापासून म्हणता?”

“नाही,” मी म्हणालो. “नऊ वर्षांपासून.”

“इतकं नेमकं कसं आठवतं?”

मी म्हटलं, आठवतं. आणि तो विषय तिथेच तोडला. त्यांनीही पुढे खोदलं नाही.

आठवणार नाही तर काय? नऊ वर्षांपूर्वी माझी भाची परीक्षेला बसली होती.

तिला आम्ही सगळे बारकी म्हणतो. माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक. ताईच्या कामाच्या पाळ्या असायच्या, म्हणून बारकी शाळा सुटली की थेट माझ्या घरी. मी कारखान्यातून वाया गेलेले पुठ्ठे आणायचो आणि ती त्यांच्यावर पोट टेकून पडलेली असायची. पाच-सहा वर्षांची असेल. सपाट पुठ्ठ्यावर एक बोट ठेवायची आणि म्हणायची, “मामा, हे वर येणार. आणि हे बघ, हे आत लपणार.” मी दुमडून बघायचो. बरोबर! दहा वेळा बघितलं तर दहा वेळा बरोबर. मी ताईला म्हणायचो, ही तुझी नाही, ही माझी पोरगी आहे, चुकून तुझ्याकडे आली. ताई म्हणायची, घेऊन जा मग, जेवायला पण तूच घाल.

मोठी झाल्यावर ती आमच्याच कारखान्यात पेस्टिंगला लागली. मला शब्द टाक म्हणाली नाही, स्वतः अर्ज केला. दोन वर्षं डबे चिकटवले. बाविसाव्या वर्षी सॅम्पल रूमच्या परीक्षेला नाव दिलं आणि मला संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. “मामा, मला बाकी काही नको. मला तुझ्या टेबलावर काम करायचंय.” असं म्हणाली. तिच्या डोळ्यांकडे बघून माझंच काळीज सुपाएवढं झालं. पण कारखान्यात आधीच कुजबुज सुरू झाली होती, मामा परीक्षक आणि भाची उमेदवार, आता काय, घरचंच कार्य. मी नाकासमोर चालणारा माणूस. मला ते झोंबलं.

म्हणून त्या दिवशी मी नेहमीपेक्षा दुप्पट कडक झालो. खोलीत चौदा जण होते, त्यात तीन मुली. बारकी दुसऱ्या रांगेत. मी हातांचा नियम सांगितला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, मामा असं कसं म्हणतो? ती तर माझ्याच घरी बोटं नाचवत शिकलेली. तिचा चेहरा उतरला. मला ते दिसलं, खोटं कशाला बोलू. आणि तिला धीर द्यावा म्हणून, केवळ तिला धीर द्यावा म्हणून, माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. मुलींनो, हे जरा तुम्हाला जड जातं. आधी कधी म्हटलं नव्हतं मी ते. त्या दिवशी म्हटलं, आणि मग काय, दरवर्षी म्हणत राहिलो, कारण मला ते प्रेमळ वाटायचं. बोंबला!

घंटा वाजली. मी रांगांमधून फिरत होतो, मिनिटागणिक ओरडत होतो, चार राहिली, तीन राहिली. बारकीचे दोन्ही हात टेबलावर इतके दाबलेले होते की नखं पांढरी पडली होती. एकेका आकृतीवर ती खिळून बसली होती. इतर पोरं धडाधड खुणा करत सुटली होती, येत असो नसो.

तिचा कागद मी सगळ्यात आधी तपासला. सोडवलेल्या बारा. बरोबर बारा. पुढचं पान कोरं.

चौदा लागत होत्या. तिच्या शेजारच्या पोराच्या पंधरा बरोबर होत्या आणि नऊ चूक. तो लागला. पुढे त्याने सॅम्पल रूममध्ये इतका पुठ्ठा वाया घालवला की विचारू नका. आणि बारकी राहिली. मी दारात गेलो, ती तिथे उभी होती. मी म्हटलं, “नाही झालं गं, बारके. असू दे.” ती “बरं” म्हणाली. एवढंच.

दोन महिन्यांनी तिने कारखाना सोडला. पुढे लग्न झालं, एका औषधांच्या दुकानात काउंटरवर लागली, संसार चांगला आहे. पण पुठ्ठा, कात्री, मोजपट्टी यातलं काही तिने पुन्हा हातात धरलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा कोपऱ्यात सुट्ट्या फळ्यांचं कपाट पडलेलं, जोडायचं बाकी. तीन महिने तसंच. मी म्हटलं, अगं लाव की. तर हसून म्हणाली, “मला नाही बाबा कळत ते. आकारांत माझं डोकं चालत नाही. हे करतील कधीतरी.” आणि मी काय केलं असेल? बाह्या सरसावल्या आणि अर्ध्या तासात कपाट उभं करून दाखवलं. वर म्हणालो, बघ, असं असतं. ती टाळ्या वाजवत होती. आता आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

तर बाई. त्यांनी जुने कागद मागितले. मी गठ्ठे ठेवलेत सगळ्या वर्षांचे, टाकायला जीव होत नाही. त्या दोन दिवस बसल्या, काय काय आखलं, मोजलं. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. एव्हाना मी त्यांना खुर्ची देऊ लागलो होतो.

“तुमची परीक्षा वाईट नाही,” त्या म्हणाल्या. “आकृत्या चांगल्या आहेत. पण ती आकार किती कळतात ते मोजते, की घाई किती जमते ते?”

मी समोरचा गठ्ठा सरळ करू लागलो.

“एका वाक्याने सगळं बिघडतं असं मी म्हणणार नाही. कुणावर परिणाम होतो, कुणावर नाही. सवय, झोप, भीती, आधी असले खेळ खेळलेत की नाही, कितीतरी गोष्टी असतात. पण वेळ कमी, हात बांधलेले, आणि वर सांगितलेलं की हे तुम्हाला जड जाणार. हे तिन्ही एकत्र आलं की माणूस आकृती सोडवत नाही, स्वतःलाच तपासत बसतो. हे बरोबर आहे ना, नक्की ना, पुन्हा बघू का. तेवढ्यात घंटा होते.” त्यांनी एक कागद पुढे केला. “ही मुलगी बघा. बारा सोडवल्या, बाराही बरोबर. चोवीसमधल्या सगळ्यात अवघड दोन त्यात आहेत, त्याही बरोबर. हिला वेळ दिला असतात तर? अजून आहे का ही कारखान्यात?”

“नाही,” मी म्हणालो.

“अरेरे,” बाई म्हणाल्या. त्यांना कुठे माहीत होतं.

मी त्यांना सांगितलं नाही की ती माझी कोण. सांगायला तोंड कुठे होतं? पण त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि रविवारी सकाळीच बारकीचं घर गाठलं.

ती कपडे वाळत घालत होती. जावई पेपर वाचत बसलेले. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. हातांचा नियम कसा माझ्याच डोक्यातून निघाला होता, मुलींचं वाक्य कसं उगाच बोललो, पाच मिनिटं कशी कमी पडतात, बाई काय काय म्हणाल्या. मी अगदी वकिलासारखा बोलत होतो, एकेक कारण मांडत होतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी माझीच बाजू मांडतोय. सगळा दोष परीक्षेच्या अंगावर ढकलून मी मोकळा होऊ बघतोय. पण थांबलो नाही.

ती ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी होती. “मला किती मिळाले होते, मामा?”

“बारा.”

“आणि चुकले किती?”

“एकही नाही. सोडवलंस ते सगळं बरोबर होतं. सगळ्यात अवघड होत्या त्यासुद्धा.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

आणि तिचा चेहरा असा फुलला म्हणता! एकतीस वर्षांची बाई, पण पुठ्ठ्यावर पोट टेकून पडलेली माझी पोरगी तिच्यात दिसली मला. “ऐकलंत का?” ती नवऱ्याकडे वळून ओरडली. “एकही चुकलं नव्हतं माझं! बारापैकी बारा! अहो, पेपर ठेवा ना तो बाजूला, मी काय सांगतेय!” जावई हसले, म्हणाले, मग ते मिक्सरचं झाकण उद्यापासून तूच बसवायचं. ती हसली, मीही हसलो. मला वाटलं, सुटलो. उशिरा का होईना, सुटलो.

मग तिने टॉवेल खुर्चीवर टाकला आणि माझ्यासमोर बसली.

“हे तुला कधी कळलं, मामा? आता, बाई आल्यावर?”

“हो” म्हटलं असतं तर मिटलं असतं. एक अक्षर. तिने चहा केला असता, मी पिऊन घरी आलो असतो, आणि सगळं त्या परीक्षेच्या डोक्यावर राहिलं असतं. हो म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

“नाही,” मी म्हणालो. “त्याच दिवशी. तुझा कागद मी सगळ्यात आधी तपासला होता.”

“मग मी दारात उभी होते तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी पण तोंडाचा फटकळ, भांडून मोकळे झालो असतो. ती खरंच विचारत होती, लहानपणी विचारायची तसं.

“मला हायसं वाटलं होतं, बारके,” मी म्हणालो. “लोक बोलत होते, मामा भाचीला लावून घेणार. तुझे चौदा झाले नाहीत, तेव्हा मला वाटलं, चला, आता कुणी बोट दाखवणार नाही. बारापैकी बारा आहेत असं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग मला का नाही घेतलं. मला ते नको होतं. चुकलं माझं. फार चुकलं.”

जावयांनी पेपर उचलला आणि आत निघून गेले. शहाणा माणूस.

बारकी स्वतःच्या हातांकडे बघत होती. मला वाटलं रडेल. नाही रडली.

“मला ते नियमांचं काही नाही वाटत, मामा,” ती म्हणाली. “हात हलवायचे नाहीत, तर नाही. मुलींना जड जातं म्हणालास, तेही चालेल, सगळेच म्हणतात. वेळ सगळ्यांनाच पाच मिनिटं होती. पण त्या दिवशी दारात तू एवढंच म्हणाला असतास ना, की एकही चुकलं नाही, नुसती वेगात कमी पडलीस, तर मी घरी जाऊन सराव केला असता. पुढच्या वर्षी पुन्हा बसले असते.”

पुन्हा बसता येत होतं. कारखाना सोडलेल्यांनाही, पंचविशीपर्यंत कितीही वेळा. तिला आणखी तीन संधी होत्या. तिन्ही वर्षी अर्ज माझ्याच टेबलावरून वाटले गेले, आणि बारकीने अर्ज मागितला नाही याचं मला तिन्ही वर्षी बरंच वाटलं होतं.